दारावरून येताना घेतलेली कॉफी

मंगल, काल तुझ्या दारावर येऊन गेले.

आपल्याकडे कुणी गेलं की नात्यातल्या बायांनी डोक्यावर पदर घेऊन त्या घरी जायचं, भिंतीला टेकून बसायचं, रडायचं, पाणीसुद्धा न मागता उठायचं आणि ‘येते’ न म्हणता निघायचं. याला दारावर जाणं म्हणतात. तू आणि मी मिळून या जिल्ह्यातली किती दारं केली असतील! नणंद-भावजय एका स्कुटीवर, पुढे तू, मागे मी, दोघींच्या मध्ये माझी पर्स. नाव मंगल आणि फिरणं सगळं सुतकातलं, असं मी चिडवायचे तेव्हा तू गाडी मुद्दाम खड्ड्यातून न्यायचीस. काल मात्र मी रनाळ्याच्या नात्यातल्या बायांबरोबर जीपमधून आले. जीप थांबली, समोर तुझं हिरवं फाटक, फाटकाच्या आत तुझी स्कुटी. मला उतरावंसंच वाटेना.

पण मला रडण्याबद्दल लिहायचं नाही. रडायला बाया पुष्कळ होत्या. मला लिहायचंय ते दारावरून परतायच्या वाटेबद्दल, कारण तुझी-माझी खरी ओळख त्या वाटेवर झाली. घरात आपण चांगल्या नणंद-भावजय होतो, म्हणजे एकमेकींच्या वाटेला जात नव्हतो.

तुझ्या आईचा नियम तुला पाठ होता. “दारवरथून थेट घर येवानं नही. वाटमा कोठेतरी थांबानं, घोटभर पानी पेवानं.” थेट घरी आलं की गेलेलं माणूस मागोमाग घरात येतं, असं त्या म्हणायच्या. त्या गेल्या आणि या नियमाची चौकीदारी तुझ्या भावाने घेतली. एरवी हा माणूस कशात नसतो. घरात साखर संपली काय आणि गॅस संपला काय, त्याच्या गावी नसतं. पण मी दारावरून आले की उंबऱ्याच्या आत उभा राहून विचारणार, “थांबल्या व्हत्यात ना?” हो म्हटल्याशिवाय वाट देणार नाही. नाकाबंदीच ती.

आणि त्या नाकाबंदीतच तुला पळवाट दिसली. आपण तळोद्याला कुणाच्या तरी चुलतसासूच्या दारावरून येत होतो. रीत म्हणून एका टपरीवर थांबलो. सकाळपासून उकळत असलेला चहा तू एक घोट घेतलास, उरलेला बाभळीच्या बुडाशी ओतलास आणि म्हणालीस, “भाभी, थांबानंच शे ना, मंग चांगल्या जागे थांबूत.”

एवढंच. त्या दिवसापासून सगळं सुरू झालं.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं ते कळणार नाही. माझ्या वयाच्या बाईने आमच्या घरातून निघून हॉटेलात जाऊन बसणं म्हणजे काय, ते तुला माहीत होतं. लग्नाला जाताना सगळ्यांबरोबर जेवलो तर जेवलो. नाहीतर घरी काय चूल बंद पडली, असं आधी कुणीतरी विचारणार. तू नर्स होतीस. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर लसींचा डबा खांद्याला अडकवून नोकरी काढलीस, मिळेल तिथे बसून खाल्लंस, तुला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस. मी घरातली. माझ्यासाठी देवळाचं, दवाखान्याचं आणि दारावरचं, एवढीच तीन बाहेर पडण्याची कारणं. देवळात तुला कंटाळा यायचा, दवाखाना तुझा झाला होता. उरलं दार.

मग बायपासवर, नवीन कॉलन्यांच्या तोंडाशी, जिथे कालपर्यंत कपाशी होती आणि आज ‘फॅमिली रेस्टॉरंट’ आहे, तिथे तिथे आपण थांबायला लागलो. तुझी परीक्षा ठरलेली. आधी शेवभाजी. ती आली की चमच्याने नाही, बोटाने तर्री बाजूला सारून खालचा रस्सा चाटायचा. मग कळण्याची भाकरी मागायची. “मिळेल” म्हणाला तर बरं, “तंदुरी घ्या ना मॅडम” म्हणाला की त्याचे गुण कापले. तुझं एक वाक्य मी घरोघर सांगत असते, फक्त कुणाचं ते सांगत नाही. ज्या पाटीवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि खान्देशी असं सगळं लिहिलंय, तिथे पाणी प्यावं आणि उठावं.

आत गेल्या गेल्या पोरगा आपल्याला पडद्याआडच्या ‘फॅमिली’त बसवायला न्यायचा. तू बाहेरच्याच टेबलाची खुर्ची ओढायचीस.

“मॅडम, सोबत कोण आहे?” तो विचारायचा.

“ही शे ना,” माझ्याकडे बोट करून तू म्हणायचीस. “कमी पडस का?”

मी लाजून मेनूकार्डात डोकं घालायचे. पण सांगू का, ‘ही शे ना’ हे ऐकायला मला फार आवडायचं. माझ्या आयुष्यात माझ्याकडे असं बोट करून कुणी म्हटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या वाटेवरचीच. घरात, चारचौघांत तू माझी ‘मंगलताई’ आणि ‘तुम्ही’. कॉलनीची कमान ओलांडून स्कुटी डांबरी रस्त्याला लागली की ‘तू’. परतताना कमानीपाशी पुन्हा ‘तुम्ही’. आपण हे कधी ठरवलं नव्हतं. आज लिहायला बसले तर हात आपोआप ‘तू’वर गेला, म्हणजे मी अजून कमानीच्या बाहेरच आहे.

सगळ्यात मोठा वाद कॉफीचा. नर्सिंगच्या होस्टेलात तुझ्या खोलीत केरळची एक मुलगी होती, ती फडक्यातून गाळून कॉफी करायची. तेव्हा जिभेला लागलेली चव तू नंदुरबारात शोधत होतीस. मी म्हणायचे, अगं चहाचा मुलूख हा, इथे कॉफी म्हणजे पाव्हण्याचं कौतुक. दूध उकळायचं, पुडी फोडायची, वरून भुकटी भुरभुरायची. तू ती भुकटी फुंकून बाजूला करायचीस आणि एक घोट घेऊन तोंड असं करायचीस की मालक गल्ल्यावरून उठून यायचा. “काय झालं मॅडम?” “काही नही भाऊ, दूध चांगलं शे.” मला तर ते गोड दूधच बरं वाटायचं. मी तीन चमचे साखरेची, तू बिनसाखरेची. मी म्हणायचे, कडू पिऊन काय मिळतं गं? तू म्हणायचीस, गोड पिऊन काय मिळालं तुला? यावरचं उत्तर मला रात्री भांडी घासताना सुचायचं, पण तोवर तू तुझ्या घरी.

मग ते चुकीचं दार.

शहाद्याच्या रस्त्याला नवीन कॉलनी, सगळी घरं एका साच्यातली, फाटकंसुद्धा एकाच रंगाची. तुझ्या नात्यातल्या एक मावशी गेल्या होत्या. गल्लीत मांडव दिसला, बाहेर चपला दिसल्या, आपण पदर पुढे ओढला आणि आत शिरलो. मी बसताक्षणीच हेल काढला, “माय वं, कशी सोडी गयी वं!” तू माझ्या शेजारी पदरात तोंड घालून. दोन-तीन हेल झाले तरी दुसरी कुणी बाई साथ देईना. पदराच्या फटीतून पाहिलं तर समोर एक म्हातारी, कपाळ मोकळं, आपल्याकडे टक लावून.

“माय वं,” ती हळूच म्हणाली, “आमना ते धल्ला गया.”

मी हेल अर्ध्यात सोडला. भिंतीवर पाहिलं तर हार घातलेला फोटो टोपीवाल्या म्हाताऱ्याचा. मी तुझा दंड इतक्या जोरात दाबला की नंतर तिथे निळं झालं होतं. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालेलं आणि तू शांतपणे पदर मागे सारून नाव-गाव सांगितलंस, चुकलो म्हणालीस, मावशींचं घर कुठलं ते विचारलंस. आपण उठायला लागलो तर म्हातारीने हात धरला.

“बठा वं. रडाले उन्यात ना, मंग रडी ल्या. त्याले रडनारं कोनी नही.”

मुलगी नव्हती त्यांना. मुलगा आणि सून मांडववाल्याशी बोलत बाहेर उभे. आपण परत बसलो. मला आता रडू येईना, हसूच फुटायला बघत होतं. आणि तू रडायला लागलीस. तू, जी कुठल्याच दारावर रडली नव्हतीस, जी माणूस गेल्याच्या घरी बसून ‘बीपी किती होतं’ असं विचारायचीस! अनोळखी म्हाताऱ्याच्या फोटोसमोर तू अशी रडलीस की म्हातारीच तुझ्या पाठीवर हात फिरवायला लागली.

तिथून खऱ्या मावशींचं दार केलं. बाहेर आलो तेव्हा तुझे डोळे सुजलेले आणि तोंडावर हसू. म्हणालीस, “भाभी, दोन दारं झाली. दोनदा थांबावं लागेल.” कायदा तुझ्या भावापेक्षा तुला जास्त कळत होता.

पहिल्यांदा रसवंतीवर थांबलो. दुसऱ्यांदा थांबायला जागा शोधत कॉलनीच्या अगदी शेवटी गेलो, जिथून पुढे वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या लागतात. तिथे एका घराच्या पडवीत चार टेबलं मांडलेली होती. नवापूरकडच्या मार्थाबाई, आयुष्यभर एका मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाक केलेला, आता लेकीच्या घरी पुढच्या अंगाला हॉटेल टाकलेलं. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, आणि विचारलं तर कॉफी. तू सहज विचारलंस, सवयीने, मिळणार नाही हे धरूनच. त्यांनी स्टीलच्या पेल्यात आणून ठेवली. काळी-तांबूस, वर भुकटी नाही. तू एक घोट घेतलास आणि पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिलीस. तेवढ्यात वारा पथाऱ्यांवरून फिरला आणि आपण तिघीही शिंकायला लागलो. शिंकताना तुझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते मिरचीचं होतं की कॉफीचं, ते मी विचारलं नाही.

तिथेच तू सांगितलंस. दाजी, तुझे यजमान, सुरतेच्या दवाखान्यात वारले, त्यांना घरी आणलं तेव्हाचं. रुग्णवाहिकेत तू एकटी त्यांच्याजवळ. ड्रायव्हरने नवापूरजवळ विचारलं, ताई, पाणी-चहाला थांबू का. तू नको म्हणालीस. तुला आईचा नियम आठवला होता आणि तू मुद्दाम थांबली नाहीस. नंतर स्मशानातून आलेली माणसं वाटेत थांबून आली, तू तर घरातच होतीस. रात्री दाराची कडी काढून ठेवलीस. पुढच्या रात्रीही.

“मी थेटच घर उनू, भाभी,” तू म्हणालीस. “मांगे कोनीबी उनं नही.”

मी म्हटलं, येत असतील गं, आपल्याला कळत नसेल. तू मान हलवलीस. मी नर्स आहे, म्हणालीस, गेलेलं माणूस मी खूप जवळून पाहिलंय, ते कुठे येत-जात नाही. मी म्हटलं, मग आईंचा नियम कशाला? तू पेला खाली ठेवलास. “तो नियम जिवंत बायांसाठी शे. रडीसन थेट चुलीपुढे बसू नये म्हणून.” मला ते पटलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आपला हा वाद त्या टेबलावर पुष्कळदा झाला आणि दर वेळी मार्थाबाई येऊन ‘अजून एक आणू?’ विचारायच्या म्हणून थांबला.

कारण त्यानंतर दार कुठेही असो, थांबा तोच. धडगावकडून आलो तरी वाकडी वाट करून मार्थाबाईंकडे. कॉफीचा वास येऊ नये म्हणून बडीशेप चघळत मी घरी यायचे. “थांबल्या व्हत्यात ना?” हो. एका अक्षराने खोटं नाही. कुठे थांबलो ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दुसरा वाद त्याहून साधा. तू म्हणायचीस, एखाद्या दिवशी कुणी न मरता जाऊ. आपल्या प्रत्येक कॉफीला कुणीतरी मरावं लागतं, हे बरं दिसत नाही. मी हसायचे. तू हसत नव्हतीस. सरळ साडी नेसून ये, म्हणायचीस, विचारलं तर सांग की मंगलबरोबर कॉफी प्यायला चालले. मी म्हणायचे, आणि तुझा भाऊ काय म्हणेल? “काय म्हनी? कॉफी पेवाले बंदी शे का?” मी म्हणायचे, तुला नाही कळायचं. मला वाटायचं की ती जागा आपली आहे ती कुणाला माहीत नाही म्हणून. घरात एकदा नाव निघालं की पुढच्या रविवारी सगळं खानदान तिथे शेवभाजी मागायला बसेल. तू म्हणायचीस, बसू दे की. या वादात कोण बरोबर होतं हे मला अजून ठरवता येत नाही. पण साधा, बिनसुतकी एक दिवस आपल्या वाट्याला आला नाही, एवढं खरं.

गेल्या आठवड्यात छातीत दुखतंय म्हणून तू स्वतःच स्कुटीवर दवाखान्यात गेलीस. ‘गाडी नीट स्टँडला लावली होती हो ताईंनी,’ असं तिथली पोरगी सांगत होती. मी पोचले तेव्हा बोलायचं काही उरलं नव्हतं.

काल तुझ्या खोलीत बसले होते. बाहेरगावाहून आलेली तुझी सून बिचारी सगळ्यांना जागा करून देत होती. रनाळ्याच्या बायांनी हेल काढले, तुझी नर्सची नोकरी, तुझं एकटीचं राहणं, सगळं त्यात गुंफलं. मला रडू येईना. मी भिंतीला टेकून विचार करत होते की आता उठल्यावर गाडी कोण काढणार. मग फाटकात काठीचा आवाज आला. ती म्हातारी. तीच, चुकीच्या दाराची. नातवाचा हात धरून आली, चपला काढल्या, बायांमधून वाट काढत थेट माझ्याशेजारी येऊन बसली. तिला मी पदराआडून ओळखू आले, मला ती आधी ओळखू आली नाही.

“तुम्ही चुकीसन उन्यात,” ती म्हणाली. “मी मुद्दाम उनू.”

आणि तिने तुझ्यासाठी हेल काढला. मग मात्र मला आवरलं नाही, मंगल. मी तुझ्या नावाने ओरडून रडले. ‘ताई’ न लावता. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या असतील, मी पाहिलं नाही. तू त्या दिवशी त्या अनोळखी म्हाताऱ्यासाठी का रडलीस, ते मला काल कळलं. आपल्या माणसासाठी रडायला कधीकधी परक्या माणसाने सुरुवात करून द्यावी लागते.

उठलो. ‘येते’ म्हणायचं नसतं. मी म्हटलं नाही.

जीप निघाली. बायांचं रडून झालं होतं, आता घसे कोरडे पडले होते आणि थांबायची वेळ झाली होती. पुढच्या सीटवरून आपली रनाळ्याची चुलतजाऊ मागे वळून म्हणाली, “भाभी, तू आनि मंगल ते सगळा हॉटेलं फिऱ्यात. चांगलं कोठे शे, सांग ना वं.”

म्हणजे त्यांना माहीत होतं! सगळ्यांना माहीत होतं. जीप शहाद्याच्या रस्त्याला लागली, कॉलनी आली, मार्थाबाईंच्या गल्लीचं तोंड आलं. ऊन उतरत होतं. पडवीतल्या टेबलांवर त्या फडकं मारत होत्या, आपल्या टेबलावर कुणी नव्हतं. नुसतं ‘डावीकडे घ्या’ म्हणायचं होतं.

“माले काय माहीत?” मी म्हणाले.

तुला राग येईल, माहीत आहे. बसू दे की, म्हणाली असतीस. पण जीपभर बाया त्या पडवीत, आणि कुणीतरी तुझ्या खुर्चीवर बसून ‘कडू शे वं ही’ म्हणणार. नाही जमलं मला.

पुढे बायपासला त्या थांबल्या. पाटीवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, सगळं होतं. मी जीपमधून उतरले नाही. चुलतजाऊ कागदी कपात चहा घेऊन खिडकीशी आली.

“पी ले वं. थेट घर जावानं नही. मंगल मांगे येई.”

मी कप घेतला नाही. पाण्याची बाटली पुढे केली, तीही घेतली नाही. डोकं दुखतंय म्हणाले. बायांनी आपापसात काय ते बोलून घेतलं आणि जीप निघाली. कमानीपाशी मला सोडलं. तिथून घरापर्यंत मी चालत आले, कुठे वळले नाही, कुणाशी बोलले नाही. कमान ओलांडताना सवयीने मनात ‘तुम्ही’ आलं, ते मी परत पाठवलं.

तुझा भाऊ उंबऱ्याच्या आत उभा होता. सकाळी पुरुषांबरोबर तो जाऊन आला होता, तेव्हापासून दाढीला, जेवणाला, कशालाच हात लावलेला नाही.

“थांबल्या व्हत्यात ना?”

“नही,” मी म्हटलं. “थेट उनू.”

आता हा ओरडणार, बाहेरूनच कुठेतरी पाणी पिऊन ये म्हणणार, असं वाटलं. तो बाजूला झाला. मी आत आले तर त्याने मागे दार लावलं नाही. उलट, दाराची दुसरी फळी, जी कपाट आणायचं असेल तेव्हाच आपण उघडतो, तिची वरची कडी तो काढायला लागला. गंजली होती, निघेना. खुर्ची घेऊन वर चढला आणि ठोकून ठोकून काढली. दोन्ही फळ्या भिंतीला लावल्या आणि तिथेच खुर्चीवर बसून राहिला.

मी स्वयंपाकघरात गेले. मार्थाबाईंनी मागे एकदा तुला थोडी पूड बांधून दिली होती, त्यातली निम्मी तू मला दिली होतीस, ती हिंगाच्या डबीमागे होती. फडकं घेतलं. पाणी उकळायला ठेवलं. पेले दोन काढले, मग बाहेर बघितलं आणि तिसरा काढला. वास घरभर गेला तेव्हा बाहेरून त्याचा आवाज आला, घसा खाकरून, मला ऐकू यावं एवढाच.

“मंगलना पेलामा साखर टाकू नको.”

चमचा हातातच राहिला. इतकी वर्षं मी बडीशेप चघळत होते.

नाही टाकली. तुझा पेला उंबऱ्याजवळ स्टुलावर ठेवला. आम्ही दोघं आतल्या बाजूला बसलो. गल्लीतून माणसं जात होती, दोन्ही फळ्या उघड्या बघून थबकत होती. अंधार पडला तशी डास यायला लागले, तरी तो उठला नाही. त्याने आपला पेला संपवला आणि म्हणाला, कडू आहे. मग म्हणाला, चांगली आहे.

कुणी आलं नाही, मंगल. तू म्हणाली होतीस तसंच. वाद तू जिंकलीस.

दार मात्र आज सकाळीही त्याने लावलेलं नाही.